सुभेदारांच्या गाडीला तेराशेचं इंजिन

आमच्या घरात बोली दोन होत्या आणि त्यांच्या मधे गोणपाटाचा एक पडदा होता. पडद्याच्या आत अम्मीची दखनी, पडद्याच्या बाहेर अब्बांचं गॅरेज आणि गॅरेजची मराठी. अब्बा म्हणजे इब्राहिम मिस्त्री. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. अम्मी माझ्याशी दखनीत बोलायची, अब्बा मात्र घरात जेवायला बसले तरी माझ्याशी मराठीतच बोलायचे, कारण आमचं दोघांचं बोलणं सगळं पान्यांचं, नटांचं आणि गास्केटचं. सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला की घरातली भांडी मांडणीवर थरथरायची आणि त्या थरथरीतच माझी झोप मोडायची. अंगणात गाडी येऊन थांबली की मी भाकरी थापता थापता आतूनच ओरडायचे, "अब्बा, हिचा एक प्लग मारत न्हाई!" आणि बाहेरून हसल्याचा आवाज यायचा. अम्मी कपाळावर हात मारून घ्यायची. तिचं म्हणणं, माझ्या भाकरीला ऑइलचा वास येतो. खोटं कशाला सांगू, येत असेलही. रॉकेलनं हात धुऊन पीठ मळलं की दुसरं काय होणार?

मी गॅरेजात शिरले ती माझ्या हातामुळे. माझा हात लहान आणि निमुळता. इंजिनाच्या मागच्या बाजूचा एखादा नट पडला की अब्बा पडद्याकडं तोंड करून हाक मारायचे, "शमीम, ये गं जरा, हात घाल." आधी नुसता हात घालायला जायचे, मग पाना धरायला, मग पूर्ण इंजिन उघडायला. एकोणिसाव्या वर्षी मी हेड उतरवून, व्हॉल्व्ह बसवून, गाडी चालू करून देत होते. गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग गाडी चालू झाली की गप बसायचं. माझ्या बरोबरीनं काम करायचा तो यासीन, माझ्या फुफूचा, म्हणजे आत्याचा मुलगा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. वेल्डिंगला त्याचा हात असा की जोड कुठं आहे ते बोटानं चाचपूनही कळू नये. पण बाकी गडी आळशी. तार पिळली की टोक तसंच बाहेर सोडायचा. गॅरेजात आम्हा सगळ्यांच्या मनगटांवर यासीनच्या तारांचे ओरखडे असायचे.

या तारेवरून अब्बा एकदाच काय ते भडकलेले मी पाहिले आहेत. सायलेन्सर बांधलेली यासीनची तार त्यांच्या अंगठ्यात घुसली होती. अंगठा तोंडात धरून त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. नवीन तारेचा तुकडा घेतला, तीन पीळ दिले, पकडीनं तोडला आणि टोक वळवून पिळाच्या आत दाबलं. मग त्यावरून अंगठा फिरवून दाखवला. "हे बघा. टोक आत. आपण बांधून मोकळं हुतो, पर उद्या ह्यात हात घालणारा दुसराच कुणीतरी असतोय. त्याला आपलं नाव म्हाईत नसतंय, पर आपली तार लागती." मी त्या दिवसापासून टोक आत दाबते. आजही पिशवीचं तोंड तारेनं बांधलं तरी अंगठा फिरवल्याशिवाय माझं भागत नाही. यासीन काही सुधारला नाही. तो म्हणायचा, "मामू, तार ती, तिला काय कशिदा घालायचाय?"

तर सुभेदार. औंधकडचे, फौजेतून रिटायर होऊन आलेले, मिशा पिळदार आणि आवाज असा की शेजारच्या पानपट्टीवाल्यालाही यांचं काम काय आहे ते कळावं. त्यांनी हौसेनं एक लहान गाडी घेतली होती, आठशेच्या इंजिनाची. आणि सुभेदारीणबाई होत्या चांगल्या भरल्या अंगाच्या. दर मंगळवारी डोंगरावर यमाईला जायचा त्यांचा नेम. दोन सुना, एक नात, स्वतः बाई आणि सुभेदार एवढी वरात त्या डबीत बसली की गाडी अर्ध्या चढावर जीव सोडायची. मग कुणीतरी उतरायचं, आणि सुना लेकुरवाळ्या, म्हणून उतरायचं सुभेदारीणबाईंनी. "मिस्त्री, तुमाला काय सांगू," सुभेदार म्हणाले, "परवा घरात भांडान झालं. म्हणती, देवीच्या दारात मला चालतच जायाचं हुतं तर गाडी कशाला घेतली? बैल घ्यायचा हुता." अब्बा म्हणाले, मोठी गाडी घ्या. सुभेदार म्हणाले, ही विकायची न्हाई, हिच्यातच कायतरी करा. तेव्हा मी मधेच तोंड घातलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडं मागून ठोकलेली एक लांब डिक्कीची गाडी पडून होती. तिचं इंजिन तेराशेचं, चांगलं. "अब्बा, ते ह्यात बसंल."

अब्बा हसले. यासीनही हसला. सुभेदार हसले नाहीत. "बसंल?" त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, "बसवून दाखवते." आणि तिथं, सगळ्यांच्या देखत, अब्बा ते वाक्य बोलून गेले. अजून कानात आहे माझ्या, शब्दन् शब्द. "बसवलंस आणि घाट चढवून दाखवलास, तर बोर्डावर तुझं नाव." आमच्या गॅरेजचा बोर्ड त्याच महिन्यात पेंटरकडून नवा करून आणला होता. वर 'इब्राहिम मिस्त्री' आणि खाली निळी मोकळी जागा. ती जागा यासीनसाठी आहे असं सगळे धरून चालले होते, यासीनही. त्या वाक्यानंतर तो वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून कामाला लागला. मी ते बघितलं आणि मनात टिपून ठेवलं. पुढं ते मला भलत्याच कामाला आलं.

घाट चढवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. अब्बांची रीतच होती. इंजिन उघडलेली कुठलीही गाडी घाट चढून आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. गाडी माणसांनी भरायची, यवतेश्वरला न्यायची, आणि शेवटचा सरळ चढ तिसऱ्या गिअरवर काढायचा. दुसरा टाकावा लागला की काम नापास, गाडी परत फळीवर. आणि घाट एकदाच. निघण्याआधी ज्यानं काम केलं त्यानं स्वतः बॉनेट उघडून पाणी, तेल, नळ्या, तारा, सगळं हातानं चाचपायचं. अब्बा म्हणायचे, घाटावर गाडीची न्हाई, मिस्त्रीची परीक्षा आसती.

दोन महिने लागले. जुनं इंजिन चेनपुलीनं वर काढलं तेव्हा गाडीचं नाक इतकं उचललं गेलं की सुभेदार म्हणाले, "आरं, ही तर सलाम करायला लागली!" नवं इंजिन आडवं बसेना. रेडिएटर पुढं सरकवला, पंख्याची जागा बदलली, इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनं तोडून नवी केली. मापं माझी, वेल्डिंग यासीनचं. हे कबूल करायलाच हवं, त्यानं एकही जोड वाकडा मारला नाही. तोंड फुगवून मारला, पण सरळ मारला. गिअरबॉक्सही मोठ्या गाडीचाच घेतला, ब्रेक मोठे टाकले, आणि कागदावर नव्या इंजिनाचा नंबर चढवायला सुभेदार स्वतः ऑफिसात फेऱ्या मारत राहिले. दुपारी अम्मी पडद्यातून ताट सरकवायची, अख्खा मसूर, बाजरीची भाकरी, बोंबलाची चटणी, आणि मी काळ्या हातानं फिल्टरच्या डब्यावर बसून जेवायचे. तसं जेवण मी नंतर कधी जेवले नाही. पुढं सांगलीला सासरी चांदीच्या वाट्या होत्या, पण त्या डब्यावरच्या जेवणाची चव वेगळीच होती.

घाटाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उजेड असताना मी गाडी हायवेला काढली, शेजारी यासीन. त्या इंजिनाच्या कार्बोरेटरला पेट्रोल-हवा ओढायचे दोन घसे होते. साध्या चालीला एकच उघडतो, पाय पूर्ण दाबला की दुसरा. मी पाय दाबला. आधी नुसती गुणगुण, आणि मग दुसरा घसा उघडल्याचा तो भरदार आवाज, छातीत जाणवणारा, आणि पाठ सीटला टेकली. यासीनच्या तोंडून "या अल्ला!" निघालं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तो मनापासून हसला. "मामूला बोर्ड रंगवायला लागतोय गं," तो म्हणाला. परत आल्यावर मी बॉनेट उघडून सगळं चाचपलं, बंद केलं, आणि गॅरेजला कुलूप लावून किल्ली खुंटीला अडकवली.

सकाळी उठले तर अब्बा चहाला नव्हते. अम्मी म्हणाली, नमाज पढून परस्पर गॅरेजात गेलेत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, माझ्यापेक्षा त्यांनाच घोर लागलाय. बाहेर आले तर गाडी धुऊन पुसून रस्त्यावर उभी, अब्बा फडकं पिळतायत, यासीन टायरांत हवा भरतोय. सुभेदार, सुभेदारीणबाई आणि मोठी सून येऊन थांबलेली. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "चल बाई लवकर, मला उतरायला लावू नगंस म्हंजे झालं." मी हसले आणि थेट स्टिअरिंगवर बसले. बॉनेट उघडलं नाही. संध्याकाळी बघितलंच होतं की. आणि आमच्याच अंगणातून गाडी निघत होती, माझ्याच बापाच्या समोरून. तिथं काय बघायचं?

पुढं माझ्या शेजारी सुभेदार, मागं तिघं, सुभेदारीणबाई, सून आणि कडेला अंग चोरून यासीन. अब्बा मोटरसायकलवरून पुढं गेले, वर थांबायला. पहिली वळणं मजेत गेली. वळणांवर दुसरा टाकायला मुभा होती. खाली शहर दिसायला लागलं, अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं, सुभेदारीणबाई जिवाच्या आनंदानं सुनेला काहीबाही दाखवत होत्या. शेवटचा सरळ चढ आला, मी तिसरा टाकला आणि पाय दाबला. गुणगुण. अजून दाबला, पार तळापर्यंत. गुणगुणच. तो आवाज येईना. गाडी ढेपाळायला लागली, स्टिअरिंग थरथरायला लागलं, मी पुटपुटत होते, "चल गं, चल गं माझी बाय." मागं सुभेदारीणबाई हळूच म्हणाल्या, "उतरू का गं?" त्या बिचारीनं मायेनं विचारलं, पण मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी दुसरा टाकला. गाडी वर पोचली. मी नापास झाले.

वर अब्बा उभे होते. त्यांनी ऐकलंच असणार, गिअर बदलल्याचा आवाज त्यांच्या कानातून सुटत नसे. मी खाली उतरले, बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा काढला. दुसऱ्या घशाचा दांडा तारेनं बांधलेला होता. तार नवी, चकचकीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पकडीनं ती तार तोडली आणि यासीनच्या नाकासमोर नाचवली. तोंडाला येईल ते बोलले. बोर्डासाठी केलंस, हलकटा, माझ्या घरचं खातोस आणि माझेच हात बांधतोस, सगळं सगळं, सुभेदारांच्या सुनेसमोर. यासीननं तारेकडं बघितलं. मग अब्बांकडं बघितलं. अब्बा खाली शहराकडं बघत होते. यासीन एवढंच म्हणाला, "मी न्हाई बांधली."

मी अब्बांकडं वळले. "परत खाली नेते. परत चढवते, बघा तुमी." सुभेदारही म्हणाले, "मिस्त्री, कुणीतरी घात केलाय हो. पोरीचं काम झ्याक हाय. चढू द्या परत." अब्बा शांतपणे म्हणाले, "घाट एकदाच. निघण्याआधी बॉनेट उघडायचं काम कुणाचं हुतं? ज्यानं न बघता गाडी काढली, त्यो मिस्त्री न्हवं." खरंच मी बघितलं नव्हतं. मी मान खाली घातली, आणि तुम्हाला सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं. ते पटलं याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

यासीन दोन दिवसांत शिरवळला कारखान्यात लागला. जाताना अम्मीच्या पाया पडला. मी तोंड फिरवून उभी होते. गॅरेजात जायचं माझं मन उडालं. आणि आठवड्याभरात सांगलीचं स्थळ आलं. म्हणजे मला आठवड्याभरात कळलं. हळदीचे व्यापारी, घर मोठं, मुलगा शांत. मी हो म्हटलं. हरलेल्या माणसाला काय, कुठंही पाठवा.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना दुपारी मी ट्रंक भरत होते. घाटाच्या दिवशीचा कमीज धुऊन घडी घालून ठेवलेला होता, त्याच्या खिशात काहीतरी कडक लागलं. ती तार. रागानं तशीच खिशात कोंबली होती आणि धुण्यातही निघाली नव्हती. फेकायला म्हणून उचलली आणि सवयीनं अंगठा फिरला. टोचलं नाही. मी खिडकीपाशी गेले, उजेडात धरली. पकडीनं मी तोडली होती ती बाजू धारदार होती. पण पिळाची बाजू: तीन पीळ, आणि टोक वळवून आत दाबलेलं. यासीननं उभ्या जन्मात टोक आत दाबलं नव्हतं. गॅरेजात टोक आत दाबणारे दोनच हात होते, आणि त्यातला एक माझा होता.

पडदा सारून बाहेर गेले. अब्बा एकटेच कानस घासत बसले होते. मी तार त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही कुणाची, अब्बा?" त्यांनी बघितलंही नाही, नुसता अंगठा फिरवला. मग हात थांबला. कानस गुडघ्यावर ठेवली. "सांगलीची माणसं घाटाच्या आधीच यिऊन गेलती," ते म्हणाले. "विचारत हुती, पोरगी गॅरेजात काम करती म्हणं? मी म्हणलं, हौस हाय, सोडंल. बोर्डावर नाव चढवलं असतं तर काय सांगितलं असतं?" मी म्हटलं, "मग शब्द कशाला दिला?" "तुला जमंल आसं वाटलं न्हवतं," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. "लय झ्याक बसवलं हुतंस, शमीम." तेव्हा मी खरी ओरडले. आयुष्यात एकदाच त्यांच्यावर ओरडले. "आणि यासीन? त्याच्यावर आळ येऊ दिलात!" अब्बा म्हणाले, "त्यो गडीमाणूस हाय. त्याला दुसरं गॅरेज मिळंल. तुला दुसरं घर मिळालं नसतं." मी म्हटलं, "मला घर नको हुतं. बोर्ड पायजे हुता." त्यांनी तार खिशात घातली आणि कानस पुन्हा सुरू केली.

लग्न मी मोडलं नाही. लोक विचारतात, का नाही मोडलंस? कुठं जाणार होते? ज्या एका माणसाच्या जिवावर मी साऱ्या मोहल्ल्याशी भांडले असते, तोच समोर कानस घासत बसला होता. नवरा वाईट निघाला नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या ट्रकांची इंजिनं मी घरबसल्या आवाजावरून ओळखून दिली आहेत. अब्बा गेले तेव्हा मी रडले, भरपूर रडले, आणि रडताना मला राग येत होता. यासीनची माफी मागायला मला बारा वर्षं लागली. फलटणला एका लग्नात तो भेटला. मी सगळं सांगितलं. तो वाढलेल्या पोटावर हात ठेवून हसला. "मला वरच कळलं हुतं की. तू तार नाकाला लावलीस तवा टोक आत दिसलं मला." मी म्हटलं, "मग बोलला का न्हाईस रं?" तो म्हणाला, "मामूनं बोलायला पायजे हुतं. मी वाट बघत हुतो." आमच्या दोघांचीही बारा वर्षं वाट बघण्यात गेली म्हणायची. बोर्डावरची ती निळी जागा गॅरेज बंद होईपर्यंत मोकळीच राहिली.

सासरी गेले त्या दिवशी सुभेदार हटून बसले. नवरीला माझ्याच गाडीतून न्यायचं, तिनं बनवलेली गाडी हाय. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, पुढं नवरा, मागं मी आणि माझी नणंद, स्टिअरिंगवर स्वतः सुभेदार, फेटा बांधून. निघताना अब्बा खिडकीशी आले. सवयीनं त्यांचा हात बॉनेटवर गेला होता, तो त्यांनी मागं घेतला. उंब्रजच्या अलीकडं मोकळा रस्ता लागला तसा सुभेदारांना जोर चढला आणि त्यांनी पाय पूर्ण दाबला. आधी गुणगुण, आणि मग तो आवाज. दुसरा घसा उघडला. माझी पाठ सीटला टेकली, माळेतली फुलं काचेवर उडायला लागली. "बघ, बघ शमीम, कशी पळतीया!" सुभेदार आनंदानं ओरडले. "हे तुजं इंजिन!" मी पदर तोंडात कोंबला आणि हमसून हमसून रडायला लागले. नणंदेनं मला जवळ घेतलं, नवऱ्यानं मागं न बघताच रुमाल दिला. त्यांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडतेय. मी वाटू दिलं.